विश्लेषण : प्रत्येक रक्तस्राव मूळव्याधीचाच असतो का? एचआयव्हीबाधित पुरुषांना ‘एचपीव्ही’चा धोका किती?

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुक्यातले गोरेगाव असो की मुंबईतले, शौचाच्या वेळी रक्त दिसले की पहिला विचार मूळव्याधीचाच येतो. बहुतेक वेळा तो खराही ठरतो. पण एचआयव्हीबाधित पुरुषांनी एवढ्यावर थांबू नये, असे डॉक्टर सांगतात. कारण त्यांच्यात गुदद्वाराच्या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो आणि त्याचे मूळ बहुतांश वेळा एचपीव्ही या विषाणूत असते.

एचपीव्ही म्हणजे काय?

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस अर्थात एचपीव्हीचे २०० हून अधिक प्रकार आहेत. सहा आणि अकरा क्रमांकाच्या प्रकारांमुळे गुप्तांगावर किंवा गुदद्वाराजवळ चामखिळीसारखे कोंब येतात. १६ क्रमांकाचा प्रकार मात्र कर्करोगाला कारणीभूत ठरतो. महिलांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग याच विषाणूमुळे होतो. तो लैंगिक संबंधांत त्वचेच्या स्पर्शातून पसरतो. त्यामुळे कंडोमने जोखीम कमी होते, पण पूर्ण टळत नाही.

एचआयव्हीबाधितांना धोका जास्त का?

निरोगी शरीर हा विषाणू बहुधा एक-दोन वर्षांत हटवते. एचआयव्हीमुळे प्रतिकारशक्ती दुबळी झाली की तो ठाण मांडून बसतो आणि पेशींमध्ये हळूहळू बदल घडवतो. या बदलांचा कर्करोग होण्यास अनेक वर्षे लागतात. देशात १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी औषधे मिळू लागली आणि बाधितांचे आयुष्य वाढले. त्यामुळे उतारवयातील अशा आजारांकडेही आता लक्ष द्यावे लागते.

समलिंगी पुरुषांनाच हा आजार होतो का?

नाही. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत दर लाखामागे वर्षाला सुमारे ८५, तर इतर एचआयव्हीबाधित पुरुषांत सुमारे ३२ जणांना हा कर्करोग होतो, असे २०२१ मधील जागतिक आढाव्यात दिसले. सर्वसाधारण लोकसंख्येत हे प्रमाण एक-दोन इतकेच आहे.

भारतातील स्थिती काय?

मुंबईतील हमसफर ट्रस्ट आणि वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज येथे पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या ३०० एचआयव्हीबाधित पुरुषांची तपासणी झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुमारे ९५ टक्के पुरुषांत गुदद्वारातील एचपीव्ही आढळला. मात्र संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे. यातील बहुतेकांना तो कधीच होणार नाही. ज्यांच्या पेशी बदलू लागल्या आहेत, त्यांना वेळेत ओळखणे महत्त्वाचे.

तपासणी कशी होते?

सर्वात साधी तपासणी म्हणजे हातमोजा घालून बोटाने केलेली तपासणी. त्यासाठी यंत्र लागत नाही, दोन मिनिटे पुरतात आणि गाठ असेल तर हाताला लागते. त्यापुढे पेशींचा नमुना घेतला जातो आणि विशेष दुर्बिणीने आतील भाग पाहिला जातो. ही दुर्बीण मोजक्याच ठिकाणी असते. ती नसेल तेथेही बोटाने तपासणी करता येते. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या बाधितांनी ३५ वर्षांपासून, तर इतर बाधितांनी ४५ पासून तपासणी सुरू करावी, असे आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या २०२४ मधील मार्गदर्शक सूचना सांगतात. रक्त, दुखणे, न थांबणारी खाज किंवा गाठ जाणवली तर वयाची वाट पाहू नये.

उपचारांचा उपयोग होतो का?

होतो. अमेरिकेतील ‘अँकर’ अभ्यासात कर्करोगपूर्व बदल असलेल्या सुमारे साडेचार हजार बाधितांचा समावेश होता. असे बदल वेळीच जाळून वा औषधाने काढले, तर कर्करोगाचे प्रमाण ५७ टक्क्यांनी घटते, असे २०२२ मध्ये स्पष्ट झाले. कर्करोग झालाच, पण लवकर सापडला, तर किरणोपचार आणि केमोथेरपीने अनेकदा मोठी शस्त्रक्रिया टळते. उशीर झाला तर गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावण्याची वेळ येऊ शकते.

लस पुरुषांसाठी आहे का?

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ही लस ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलामुलींसाठी आहे. झालेला संसर्ग लसीने बरा होत नाही, म्हणून ती लैंगिक संबंध सुरू होण्याआधी घेणे उत्तम. एचआयव्हीबाधितांना शक्यतो तीन डोस द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सांगायचे कोणाला?

खरी अडचण येथेच आहे. छोट्या गावात सगळेच ओळखीचे. त्यामुळे माणूस मूळव्याधीची पाटी पाहून आत शिरतो, मलम घेतो आणि एचआयव्हीचा विषयच काढत नाही. त्यापेक्षा औषधे घ्यायला एआरटी केंद्रात जातो, तेथेच हे सांगणे सोयीचे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक केले आहे आणि भेदभावाला मनाई केली आहे. समलिंगी संबंधही सप्टेंबर २०१८ पासून गुन्हा नाहीत. आधी फोनवर बोलायचे असेल, तर १०९७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे. एआरटीच्या गोळ्या मात्र एक दिवसही चुकवू नयेत. आणि पुढच्या वेळी केंद्रात गेल्यावर एवढेच म्हणावे : ‘डॉक्टर, शौचाच्या जागी त्रास आहे, तपासून घ्या.’