गच्चीवरचा एक वाफा शेजाऱ्यांसाठी

बंगळूर शहराची ख्याती उद्यानांचे नगर अशी आहे. सन १७६० मध्ये हैदर अलीने जिचा पाया घातला त्या लालबागेत जानेवारी आणि ऑगस्ट महिन्यांत भरणारी पुष्पप्रदर्शने पाहावयास दूरदूरचे लोक येतात. या नगरीत आता आणखी एका प्रकारची बाग रुजली आहे. ती घरांच्या गच्च्यांवर असून कानडी भाषेत तिला 'तारसी तोट' म्हणतात.

या बागेचा प्रसार करण्याचे श्रेय मुख्यत्वे कृषि-कीटकशास्त्राचे प्राध्यापक डॉ. बी. एन. विश्वनाथ यांना दिले पाहिजे. गच्चीवर भाजी पिकविण्याचे शिक्षण त्यांनी शेकडो गृहस्थ-गृहिणींना दिले. त्यांच्याच प्रेरणेने २०११ साली 'ऊट फ्रॉम युवर तोट' हा मेळावा सुरू झाला. कानडीत 'ऊट' म्हणजे जेवण आणि 'तोट' म्हणजे बाग. आपल्याच बागेतील जेवण, असा या नावाचा अर्थ. मेळाव्यात हौशी बागाईतदार एकत्र येतात, बियाणे व रोपे यांची देवघेव करतात आणि एकमेकांच्या अनुभवातून शिकतात.

वाढावा कोठे जातो?

समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या नगरीचे हवामान सौम्य आहे. तांबडी माती, शेणखत किंवा गांडूळखत आणि काथ्याचा भुसा यांचे मिश्रण भरलेल्या कुंड्यांत माठ, मेथी, पालक, मयाळू अशा भाज्या सहज येतात. माठ तर पंचवीस-तीस दिवसांत कापणीस येतो. मात्र पालेभाजीचा एक स्वभाव आहे: ती एकदमच तयार होते. घरास दोन जुड्या पुरेशा असता पाच जुड्या उभ्या राहतात, आणि चार दिवस दुर्लक्ष झाले की पाने जून होऊन तुरे येतात.

दुसरीकडे, त्याच नगरीत उत्तर कर्नाटकातून व अन्य राज्यांतून आलेली बांधकाम मजुरांची कुटुंबे राहतात. शिधावाटप दुकानातून धान्य मिळते. ताजी भाजी मात्र रोख पैसे मोजूनच घ्यावी लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांत दिवसाकाठी सुमारे ४०० ग्रॅम भाज्या खाव्यात असे सांगितले आहे. तुटपुंज्या मजुरीत हे कसे साधावे? ताटात धान्य असूनही लोह व जीवनसत्त्वे कमी पडतात, आणि त्याचा फटका प्रथम मुलांना व गर्भवती स्त्रियांना बसतो.

परदेशातील एक उदाहरण

गरजूंसाठी अन्न साठवून वाटणाऱ्या 'अन्नपेढी'ची कल्पना अमेरिकेतील फिनिक्स येथे १९६७ साली साकार झाली. पुढे १९९५ साली अलास्कातील अँकरेज येथे जेफ लोव्हनफेल्स या बागकामावरील स्तंभलेखकाने वाचकांना विनंती केली की, आपल्या बागेत भाजीची एक ओळ भुकेल्यांसाठी लावावी. ही साधी कल्पना देशभर पसरली. आपल्या देशातही १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक जेवण सोडण्याचे आवाहन केले होते, आणि स्वतःच्या निवासस्थानाच्या हिरवळीवर पीक घेतले होते. आता २०१९ पासून शिल्लक अन्नाच्या वाटपासाठी शासकीय नियमही आहेत.

आपण काय करावे?

वाचकहो, गच्ची लहान असली तरी हे काम करता येते. प्रथम जवळची अंगणवाडी, अनाथाश्रम, वृद्धाश्रम किंवा अन्नदान करणारी संस्था यांची भेट घेऊन कोणती भाजी, किती आणि कोणत्या दिवशी हवी ते विचारून घ्यावे. न विचारता नेलेली भाजी स्वयंपाकघरात भार होऊन पडते. एका वाफ्यात घरासाठी पेरावे व दहा दिवसांनी दुसऱ्यात दानासाठी पेरावे, म्हणजे वाढावा अवचित न येता ठरल्या वेळी हाती येईल. रासायनिक विषांची फवारणी टाळावी. भाजी पहाटे कापावी, माती झाडून ओलसर फडक्यात गुंडाळावी आणि त्याच दिवशी पोहोचवावी. पालेभाजीतील 'क' जीवनसत्त्व फार झपाट्याने घटते, म्हणून दोन दिवसांची शिळी जुडी देऊन फारसा लाभ होत नाही. शेजारच्या चार घरांनी मिळून वार वाटून घेतले, तर एका अंगणवाडीस आठवडाभर भाजी मिळू शकेल.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आपल्या मुलाच्या पानात वाढण्यास योग्य असेल, तीच जुडी दुसऱ्याच्या मुलासाठी न्यावी. येत्या पावसाळ्यात कुंड्या भराल तेव्हा त्यांतील एकीवर शेजाऱ्याचे नाव मनाशी लिहून ठेवा. महिन्याभरात ती कापणीस येईल.