नग आणि नजर (भाग ७) : दोन टोकांचा मार्कीज

गेल्या आठवड्यात आपण गोल ब्रिलियंटचं गणित पाहिलं. मार्सेल टॉलकोव्स्कीने १९१९ मध्ये कोन आणि प्रमाणं मांडून दिली, तेव्हापासून गोल हिरा बराचसा कागदावरच जोखता येतो. आजचा गडी, दोन्ही टोकांना निमुळता होणारा लांबट मार्कीज, तसा सरळ नाही. गोल हिऱ्याच्या जीआयए या हिरे तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रावर कटची श्रेणी छापलेली असते. मार्कीजच्या प्रमाणपत्रावर ती सहसा नसते. पॉलिश आणि सममिती यांचे शेरे मिळतात, पण नग उजळ दिसेल की मंद, हे तुमचं तुम्हीच बघून ठरवायचं.

डिसेंबर २०२४ मध्ये सेलेना गोमेझने साखरपुड्याची अंगठी जगाला दाखवली, तीत मार्कीज होता. तिच्या २०१५ च्या ‘गुड फॉर यू’ या गाण्यात या हिऱ्याचा उल्लेख असल्याने चाहत्यांनी लगेच धागा जुळवला. अमेरिकेत सत्तर-ऐंशीच्या दशकांत हा आकार जोरात होता, मग आईच्या काळातला म्हणून मागे पडला, आता पुन्हा मागणीत आहे. नावामागची कथा फ्रान्सची. पंधराव्या लुईने मादाम द पॉम्पादूरला १७४५ मध्ये मार्कीज ही पदवी दिली, हा इतिहास. तिच्या ओठांवरून त्याने हिरा घडवून घेतला, ही मात्र पेढीवर गिऱ्हाईक रमवायला बरी अशी दंतकथा.

मला त्याहून जास्त रस आहे तो या आकाराच्या हिशेबात. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. आकार बदलला म्हणून वजन बदलत नाही. एक कॅरटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिलिमीटर व्यासाचा भरतो. तेवढ्याच वजनाचा मार्कीज सुमारे दहा मिलिमीटर लांब आणि पाच रुंद. ही वाढीव लांबी येते रुंदीतून आणि खोलीतून. गोल नग जवळपास चार मिलिमीटर खोल असतो, मार्कीज तीनच्या आसपास. म्हणजे जे वजन अंगठीच्या पोटात दडून राहिलं असतं, ते वर पसरतं आणि डोळ्यांना दिसतं. बोटाच्या दिशेने बसवला की आखूड बोटही लांबसडक वाटतं. यात फसवणूक काही नाही, पण भुरळ सगळी इथेच आहे.

मोह पैलू पाडणाऱ्यालाही असतो. लांबट कच्च्या हिऱ्यातून गोल नग काढायचा तर अर्ध्याहून जास्त माल घासण्यात जाऊ शकतो. मार्कीजमध्ये त्यातला बराच वाचतो. आणि वाचवायचाच म्हटलं की हात सैल सुटतो. नगाचं पोट जरा फुगीर राहतं, खालचा भाग जाड राहतो. पैसे कॅरटचे लागतात, म्हणून वजनाच्या आकड्याशेजारी मिलिमीटरमधली मापं विचारायचीच. लांबी रुंदीच्या दुपटीच्या जवळपास असली की आकार डोळ्यांत भरतो. पावणेदोनपटीच्या खाली तो बुटका दिसू लागतो, सव्वादोनच्या वर काडीसारखा. मला स्वतःला दोनच्या किंचित आतला आवडतो, पण हा आवडीचा मामला आहे.

आता नग हातात घ्या. दुकानातल्या झगझगीत दिव्याखाली नको, खिडकीशी या. मधोमध, आडवी, काळपट अशी फुलपाखरी टायसारखी सावली दिसेल. व्यापारात तिला बो-टायच म्हणतात. तो हिऱ्यातला डाग नव्हे. मधल्या पैलूंना ज्या दिशेने प्रकाश मिळायचा, तिथे नेमकं तुमचं डोकं आडवं आलेलं असतं, आणि ते पैलू तुमचीच सावली तुम्हाला परत दाखवतात. थोडा बो-टाय जवळजवळ प्रत्येक मार्कीजमध्ये असतो. नग हलवल्यावर तो फुटून लुकलुकला तर चालेल. कसाही धरला तरी काळा पट्टा ठाण मांडून बसत असेल तर नग परत करा. विक्रेता फोटो दाखवू लागला तर व्हिडिओ मागा, फोटोत तो सहज लपतो.

दुसरी परीक्षा टोकांची. हिरा सर्वांत कठीण खरा, पण त्याच्या स्फटिकात चार दिशांना फुटीच्या रेषा असतात, आणि नेमका घाव बसला तर कपचा उडतो. मार्कीजची टोकं मुळात पातळ. म्हणून दोन्ही टोकांवर इंग्रजी व्हीच्या आकाराची धातूची टोपी हवी, नाहीतर सगळा काठ झाकणारं बंद कोंदण. साधी गोल नखं इथे पुरत नाहीत. उघडं टोक ओढणीत, केसांत, पर्सच्या अस्तरात अडकतं ते वेगळंच. शिवाय रंगाची पिवळट झाक टोकांशी गोळा होते, तेव्हा रंगाच्या श्रेणीत फार खाली उतरू नये. नग आडवा बसवायची तऱ्हाही आहे. मायकल डग्लसने कॅथरीन झेटा-जोन्सला दिलेली अंगठी तशीच आहे.

एवढं सगळं जपण्यापेक्षा मार्कीज घोळक्यात वापरावा, असं मला वाटतं. न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांच्या पेढीने १९४० च्या दशकात क्लस्टरची रचना आणली : मार्कीज, थेंबाच्या आकाराचे पेअर आणि गोल नग प्लॅटिनमच्या बारीक तारांवर वेगवेगळ्या कोनांत तोललेले, धातू जवळपास अदृश्य. पुढे कित्येक वर्षं या पेढीचे मुख्य डिझायनर होते अंबाजी शिंदे, १९१७ मध्ये गोव्यातल्या म्हापशात जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, याचं नवल वाटतं. क्लस्टरमध्ये मार्कीजचं निमुळतं टोक दोन नगांमधल्या फटीत अचूक बसतं आणि शेजाऱ्यांच्या आडोशाने जपलं जातं. प्रत्येक नगाचा कोन निराळा असल्याने एकाचा बो-टाय काळवंडतो तेव्हा शेजारचा चमकत असतो.

हे तत्त्व छोट्या दागिन्यातही चालतं. लहान मार्कीजच्या पाकळ्या करून मधे एक गोल नग बसवलेली अंगठी पाहा. लहान नगांचा कॅरटमागे दर एका मोठ्या नगापेक्षा बराच कमी असतो, त्यामुळे साखरपुड्याच्या खर्चातही ती सहसा हलकी पडते. फक्त घेताना पाकळ्यांची टोकं बोटाने चाचपून बघा. बोचली, तर नखं नीट दाबलेली नाहीत.