कमिशन हे वेतन की नफा? : पिग्मी प्रतिनिधीच्या कायदेशीर स्थानाचा विचार

वणीसारख्या बाजारपेठेच्या गावी ‘कमिशन’ या एकाच शब्दाने दोन अगदी भिन्न संबंध ओळखले जातात. शेतमालाचा अडत्या कमिशन घेतो, आणि दुकानोदुकानी फिरून बँकेची अथवा पतसंस्थेची दैनंदिन ठेव गोळा करणारा पिग्मी प्रतिनिधीही कमिशनच घेतो. दोघांनाही महिन्याचा ठराविक पगार नाही. मग दोघेही स्वतंत्र व्यावसायिक समजावयाचे काय? या प्रश्नाच्या उत्तरावर प्रतिनिधीचे उपदान, किमान उत्पन्नाची हमी व औद्योगिक न्यायालयाकडे दाद मागण्याचा हक्क अवलंबून असल्याने त्याचा थोडा खोलात जाऊन विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम अडत्याचे उदाहरण घेऊ. परवाना त्याच्या स्वतःच्या नावाचा असतो. गाळा, हिशेबनीस व हमाल यांची व्यवस्था तो स्वतः पाहतो, अनेक शेतकऱ्यांचा माल विकतो आणि धंद्यातील नफातोटा स्वतः सोसतो. पिग्मी प्रतिनिधीची गोष्ट निराळी आहे. पावतीपुस्तक किंवा नोंदणीचे यंत्र संस्थेचे, ठेवीची योजना व व्याजाचा दर संस्थेचा, आणि जमा रक्कम संस्थेच्या नियमाप्रमाणे ठरल्या वेळी भरावयाची. ठेवीदार विश्वास ठेवतो तोही संस्थेच्या नावावर. प्रतिनिधीपाशी स्वतःचे असे भांडवल म्हणजे पायपीट व गावातील ओळख, एवढेच.

हा भेद ओळखण्याची कसोटी आपल्या न्यायालयांनी क्रमाक्रमाने घडविली. धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या प्रकरणात (१९५६) मिठागरातील अगरियांना वजनावर मोबदला मिळे, कामाचे तास ठरलेले नव्हते व मदतनीस ठेवण्याची मुभा होती. तरीही कामाच्या प्रत्येक टप्प्यावर कंपनीची देखरेख असल्याने ते कामगारच होत, असा निर्णय झाला. काम कोणते करावे एवढेच नव्हे, तर ते कसे करावे हेही सांगण्याचा अधिकार मालकास आहे काय, ही ती कसोटी. पुढे सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊसच्या प्रकरणात (१९७३) नियंत्रण ही एकमेव कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. शिलाई यंत्रे कोणाची, आणि न पटलेले काम नाकारून पुन्हा करवून घेण्याचा अधिकार कोणाचा, याही गोष्टी तेथे विचारात घेण्यात आल्या.

पिग्मी योजना सिंडिकेट बँकेने १९२८ साली सुरू केली. तिच्या संकलकांचा वाद १९८० साली हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाकडे गेला. संकलकांना वेळेचे बंधन नाही, ते इतर धंदाही करू शकतात, सबब ते स्वतंत्र अभिकर्ते होत, असा बँकांचा युक्तिवाद होता. तो अखेर टिकला नाही. १९८२ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद अधिनियमातील वेतनाच्या व्याख्येत विक्री किंवा व्यवसाय वाढविण्याबद्दल मिळणारे कमिशन स्पष्टपणे समाविष्ट झाले होते. त्याचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली ठरविले की, कमिशन हे उत्पादकतेशी निगडित असे वेतनच आहे आणि संकलक हे कामगार आहेत. दरमहा ७,५०० रुपये ठेव गोळा करण्याशी जोडलेले ७५० रुपयांचे किमान वेतन, वाहनभत्ता व उपदान ही न्यायाधिकरणाने दिलेली फळे त्यामुळे कायम राहिली. मात्र संकलकांना नियमित लिपिकवर्गात सामावून घेण्याची मागणी मान्य झाली नाही, कारण त्यांची निवड, पात्रता व कामाचे स्वरूप नियमित कर्मचाऱ्यांहून भिन्न होते. ‘कामगार’ असणे आणि ‘नियमित कर्मचारी’ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

हा वाद बँकांचा होता. पतसंस्थेच्या प्रतिनिधीस निकालातील तत्त्व लागू करताना त्याच्या नेमणुकीच्या अटी व प्रत्यक्ष व्यवहार तपासावाच लागेल. करारपत्रात ‘स्वतंत्र अभिकर्ता’ असे लिहिले, एवढ्याने प्रश्न सुटत नाही.

आता या विषयास नवे वळण लागले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अंमलात आली व १९४७ चा अधिनियम गेला. नव्या व्याख्येत कमिशन वेतनातून वगळले आहे. परंतु वगळलेल्या रकमा एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाल्यास वरचा भाग वेतनच मानला जातो. ज्याची सारी मिळकत कमिशनचीच आहे, त्याची निम्मी रक्कम तरी वेतनात धरली पाहिजे, असा या परंतुकाचा सरळ अर्थ दिसतो. म्हणजे बदल झाला तो वेतनाच्या मोजमापात. कामगार कोण, हा प्रश्न मोबदल्याच्या नावावरून पूर्वीही सुटत नव्हता व आजही सुटत नाही. धंदा कोणाचा, साधने कोणाची आणि कामावर हुकमत कोणाची, हेच अखेर पाहावे लागते. अडत्या व पिग्मी प्रतिनिधी यांच्यातील अंतर तेथेच आहे.