खिळ्यांचे शिसे, गोळीचे शिसे

1869 साली खडकीला लष्कराचा दारूगोळा कारखाना सुरू झाला. त्याच साली मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखाना काढला. एका ठिकाणी काडतुसे, दुसऱ्या ठिकाणी देवनागरीचे खिळे. दोन्हींच्या मुळाशी धातू एकच, शिसे. छापखान्यांनी ज्या मिश्रणातून अक्षरे ओतली, ते मिश्रण परदेशातले हौशी नेमबाज आजही मोठ्या रिव्हॉल्वरच्या गोळ्या ओतण्यासाठी शोधत असतात.

शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते आणि पाण्याच्या अकरापट जड असते. आकाराने लहान पण वजनदार गोळी हवी असेल, तर याहून स्वस्त आणि सोयीचा धातू सापडणे कठीण. अडचण एकच: शुद्ध शिसे नखाने ओरखडा उठेल इतके मऊ असते. ब्रिनेल मोजपट्टीवर त्याचा कठीणपणा जेमतेम 5 भरतो. म्हणून त्यात अँटिमनी आणि कथील मिसळतात. अँटिमनीने कठीणपणा वाढतो. कथिलामुळे रस पातळ वाहतो आणि साच्याचे कानेकोपरे नीट भरतात. छपाईसाठी अक्षरांच्या ओळी ओतणाऱ्या लायनोटाइप यंत्राच्या धातूत साधारण 84 टक्के शिसे, 12 टक्के अँटिमनी आणि 4 टक्के कथील असे. हे मिश्रण 240 अंशांच्या आसपासच वितळते, आणि त्याचा कठीणपणा 22च्या घरात जातो. शिवाय थिजताना ते फार कमी आकसते. ‘क्ष’च्या गाठी आणि वेलांट्यांची टोके शाबूत राहायची तर हाच गुण हवा, आणि गोळीची कड धारदार उतरायलाही तोच लागतो.

मग सगळ्यात कठीण मिश्रण घेतले की काम झाले? इथेच या विषयाची खरी गोडी आहे. काडतुसातली दारू पेटली की वायूचा दाब गोळीच्या बुडावर आदळतो. गोळी पुरेशी मऊ असेल तर ती किंचित फुगते, नळीतल्या आट्यांना घट्ट भिडते आणि वायूला वाट उरत नाही. एकोणिसाव्या शतकातली मिनिए गोळी याच तत्त्वावर चाले, म्हणून ती मऊ शिशाचीच लागे. गोळी गरजेपेक्षा कठीण आणि मापाने जराशी लहान असेल, तर ती फुगत नाही. तापलेला वायू कडेने निसटतो, जाता जाता शिसे वितळवतो, आणि ते नळीच्या आत थराथराने चिकटते. नेम बिघडण्याचे हे जुने कारण. उलट दाब फार आणि धातू फार मऊ असला, तर गोळी आट्यांवरून घसरत जाते.

ब्रिटिश फौजेतले .455 वेब्ली रिव्हॉल्वर 1887 साली आले. त्याची गोळी सुमारे 17 ग्रॅमची, वेग सेकंदाला दोनशे मीटरच्याही आत. तिथे मऊसर शिसे उत्तम चाले. 1955 साली अमेरिकेत .44 मॅग्नम काडतूस आले, ज्याच्यासाठी नेमबाज आणि लेखक एल्मर कीथ यांनी अनेक वर्षे आग्रह धरला होता. वेग जवळपास दुप्पट, दाब कितीतरी जास्त. तिथे कठीण मिश्रण लागते, कधी गोळीच्या बुडाला तांब्याची पातळ वाटीही बसवतात. रिव्हॉल्वरमध्ये आणखी एक गुंता असतो. गोळी फिरत्या चक्रातून सुटते, मधली फट ओलांडते आणि मग नळीत शिरते. चक्राचे तोंड नळीपेक्षा अरुंद असेल, तर गोळी तिथेच दाबली जाऊन बारीक होते. मग मिश्रण कितीही अचूक असो, वायू निसटणारच.

आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा 1959च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, त्यामुळे घरी गोळ्या भरण्याची हौस इथे रुजली नाही. शिशाचे विष मात्र कायदा पाहून थांबत नाही. वितळलेल्या शिशावरची राखट मळी काढताना उडणारी धूळ, हाताला लागलेली भुकटी, गोळी झाडताना उठणारा धूर, यांतून शिसे पोटात आणि फुप्फुसात जाते. काडतुसाच्या टोपीतल्या स्फोटकातही बहुधा शिशाचे संयुग असते, म्हणून बंदिस्त नेमबाजी केंद्रांत हवा खेळती ठेवण्याला इतके महत्त्व. शरीरात गेलेले शिसे हाडांत साठते आणि वर्षानुवर्षे रक्तात उतरत राहते. मुलांच्या मेंदूवर त्याचा घाला सर्वांत वाईट. त्यांच्यासाठी शिशाची कोणतीही मात्रा सुरक्षित ठरलेली नाही. खिळे ओतणाऱ्या आणि जुळवणाऱ्या कामगारांनाही शिसेबाधेचा हाच धोका होता. निर्णयसागरच्या सुबक पानांचे कौतुक करताना त्या कामगारांचीही आठवण ठेवायला हवी.