होकायंत्राची सुई, अलिबागची वेधशाळा आणि शेताची हद्द

शेताचा बांध हा आपल्याकडे किती तंट्यांचे मूळ आहे, हे शेतकरी बंधूंस नव्याने सांगावयास नको. मोजणीची साधने बदलत गेली तसे तंट्यांचे स्वरूपही बदलले. पूर्वी साखळी ताणून धरली की सैल सोडली यावर वाद होई. हल्ली भूकरमापक काठीवर बसविलेले एक लहानसे यंत्र घेऊन बांधावर उभा राहतो, ते यंत्र आकाशातील उपग्रहांच्या संदेशांवरून आपली जागा ठरविते, आणि पाहणाऱ्यास हद्द जणू वरूनच ठरून आली असे वाटते. या यंत्रास रोव्हर म्हणतात. उपग्रहापासून बांधापर्यंतच्या वाटेत काय घडते, आणि ज्या शक्तीमुळे ते घडते तिची नोंद आपल्याच किनाऱ्यावर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ कशी ठेवली जात आहे, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम एक हिशेब ध्यानात ठेवावा. साखळी ३३ फुटांची आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. शंभर मीटर लांबीच्या बांधावर हद्द एक मीटर जरी सरकली तरी एक गुंठा इकडचा तिकडे होतो. बागायतीत एका गुंठ्याची किंमत काय, ते ज्याचे त्याने पाहावे.

आता सुईकडे वळू. पृथ्वी हे एक मोठे लोहचुंबक आहे, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. परंतु ते चुंबक स्थिर नाही, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात राहत नाही. होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेकडे नव्हे, तर चुंबकीय उत्तरेकडे वळते, आणि या दोहोंतील कोनास दिक्पात म्हणतात. लंडन येथे १५८० च्या सुमारास सुई खऱ्या उत्तरेच्या पूर्वेस सुमारे ११ अंश वळे. १८२० च्या सुमारास ती पश्चिमेस सुमारे २४ अंश वळू लागली. आणि २०१९ मध्ये ग्रीनिच येथे हा कोन पुन्हा शून्यावर आला. उत्तर चुंबकीय ध्रुव जेम्स रॉस याने १८३१ मध्ये कॅनडाच्या उत्तरेस शोधून काढला. तेथून तो पुढे सायबेरियाच्या दिशेने सरकत गेला. महाराष्ट्रात हा दिक्पात सध्या एका अंशाहून कमी आहे, ही आपली सोय म्हणावयाची.

तथापि आपल्याकडे दुसरी अडचण आहे. दख्खनचा काळा पाषाण लोहयुक्त असून स्वत:च थोडासा चुंबकित आहे. हा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी रसरूपाने बाहेर पडून थंड झाला, तेव्हाची चुंबकीय दिशा त्यात मुद्रेप्रमाणे उमटून राहिली. लंडन येथील ब्लॅकेट यांच्या मंडळींनी या खडकाचे नमुने तपासून १९५६ च्या सुमारास दाखविले की, तो थंड झाला त्या वेळी आपली ही भूमी विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेस होती आणि पुढे उत्तरेकडे सरकत आली. आपल्या विहिरीच्या कातळात एवढा इतिहास कोरलेला आहे! परंतु त्याच कातळाजवळ, किंवा मोटरपंपाच्या लोखंडाजवळ, मोबाईलमधील होकायंत्र धरून ईशान्य दिशा शोधणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्यांस जी ईशान्य सापडते ती पंपाची असते.

सुईचे हे जुने दीर्घकालीन सरकणे निराळे, आणि तासातासाला होणारी तिची थरथर निराळी. आपल्या विषयाशी या थरथरीचाच संबंध आहे. मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून जमीनमोजणीची नवी पद्धत १८३६ मध्ये सुरू केली. त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १८४१ मध्ये, मुंबईस कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबकीय वेध घेण्यास आरंभ झाला. या कामी ऑर्लेबार हे प्रमुख होते. 'दर्पण'कर्ते बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ या वेधशाळेचे काम पाहिले, आणि पुढे गणिती म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथेच नोकरी केली. टांगलेल्या चुंबकाकडे दिवसरात्र ठराविक वेळी पाहावयाचे आणि आकडा लिहावयाचा, एवढेच ते काम. ज्यांनी तलाठ्याची दप्तरे हाताळली आहेत त्यांस अशा कामाची किंमत कळेल. एका दिवसाच्या आकड्याचा उपयोग कोणास दिसत नाही. शंभर वर्षांचे आकडे सलग असले म्हणजे त्यांना मोल येते.

ते मोल एका दिवसाच्या नोंदीने जगास दिसले. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात कॅरिंग्टन यांस सूर्यावरील डागांजवळ डोळे दिपविणारी ज्वाला दिसली. सुमारे साडेसतरा तासांत सूर्याने फेकलेला विद्युत्कणांचा लोट पृथ्वीवर येऊन आदळला. अमेरिकेत तारायंत्रे बॅटरी काढून घेतल्यावरही नुसत्या पृथ्वीतून वाहणाऱ्या प्रवाहावर चालली. युरोपातील कित्येक वेधशाळांची यंत्रे मोजपट्टीबाहेर गेली. परंतु कुलाब्याची नोंद टिकली. २ सप्टेंबरच्या सकाळी, मध्यान्हाच्या सुमारास, चुंबकीय बल सुमारे १६०० नॅनोटेस्ला इतके घसरले. नॅनोटेस्ला हे चुंबकीय बलाचे माप होय. मुंबईकडे क्षितिजसमांतर बल साधारणत: ३८ हजारांच्या आसपास असते, म्हणजे शेकडा चार इतकी ती घसरण होती. आजही त्या वादळाचा जोर किती होता हे ठरविताना जगातील शास्त्रज्ञ कुलाब्याचे ते आकडे पुढे घेतात.

पुढे मुंबईत विजेची ट्राम येणार असे ठरले. विजेच्या प्रवाहाने सुई बिघडणार हे उघड होते. तेव्हाचे संचालक नानाभाई आर्देशिर मूस यांनी समुद्रापलीकडे, सुमारे ३० किलोमीटरवर, अलिबाग येथे लोखंड वर्ज्य करून नवी इमारत उभी करविली. १९०४ पासून सुमारे दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे वेध बरोबरीने घेऊन ताडून पाहिले, म्हणजे जुने आकडे व नवे आकडे एकाच मापाने जोडता यावेत. ट्राम धावू लागली ती १९०७ मध्ये. नवी साखळी वापरात आणण्यापूर्वी जुनीशी लावून पाहण्याचाच हा प्रकार. मात्र इतक्या निगुतीने तो क्वचितच होतो. अलिबागची ही वेधशाळा १९७१ पासून भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

या सर्वाचा रोव्हरशी संबंध असा. जमिनीपासून सुमारे ८० किलोमीटरच्या वर, हवा अतिविरळ होते तेथे, सूर्यकिरणांनी हवेचे कण फुटून विद्युत्कण बनतात. या थरास आयनांबर म्हणतात. उपग्रह सुमारे वीस हजार किलोमीटरवरून संदेश धाडतो आणि तो पोहोचण्यास किती वेळ लागला यावरून अंतर ठरते. आयनांबरात संदेशास किंचित विलंब लागतो; यंत्रास वाटते उपग्रह दूर आहे. एकट्या साध्या यंत्राची चूक यामुळे कित्येक मीटरपर्यंत जाऊ शकते. त्यातही आपला देश चुंबकीय विषुववृत्ताच्या लगत आहे. ते भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. त्यावर दिवसा वर उचलले गेलेले विद्युत्कण उत्तरेकडे सरकून गुजरात व माळवा यांच्या माथ्यावर दाट साचतात, आणि महाराष्ट्र त्या गर्दीच्या काठावर पडतो. सूर्यास्तानंतर, विशेषत: मार्च-एप्रिल व सप्टेंबर-ऑक्टोबर या महिन्यांत, या थरात बुडबुड्यांसारख्या पोकळ्या उठतात आणि संदेश लुकलुकू लागतो. चुंबकीय वादळ आले म्हणजे तर सर्वच घडी विस्कटते. १० व ११ मे २०२४ रोजी असे मोठे वादळ झाले. लडाखात हान्ले येथे आकाश तांबडे दिसले. अमेरिकेत मक्याच्या पेरणीचा हंगाम होता. तेथील ट्रॅक्टर उपग्रहाच्या आधारे सरळ तास धरतात, ते वाट चुकू लागले व कित्येकांस पेरणी थांबवावी लागली.

यावरून रोव्हर टाकाऊ ठरत नाही, उलट साखळीपेक्षा तो पुष्कळ बरा असे माझे मत आहे. खात्याने ठिकठिकाणी कायम केंद्रे बसविली आहेत. त्यांची जागा पक्की ठाऊक असते. तेथे त्या क्षणी किती चूक येते ते पाहून तेवढी दुरुस्ती रोव्हरकडे धाडली जाते, आणि चूक दोन-तीन सेंटिमीटरवर येते. मात्र केंद्रावरील आकाश व आपल्या शेतावरील आकाश सारखे असेल तोवरच ही दुरुस्ती लागू पडते. वादळात ते सारखे राहत नाही. यंत्राच्या पडद्यावर 'फिक्स' असे दिसत असेल तर जागा पक्की झाली असे समजावे. 'फ्लोट' दिसत असेल तर ती अद्याप डळमळीत आहे. त्या स्थितीत घेतलेला बिंदू नकाशावर चढू नये.

शेजारी दोघेही हजर असताना भूकरमापकास नम्रपणे विनंती करावी की, हद्दीचे बिंदू घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर जवळच्या एखाद्या जुन्या, बिनतक्रार निशाणीवर यंत्र धरून दाखवावे. दोन्ही वेळचे आकडे जुळले तर पुढे वादास जागा राहत नाही. ते जुळले नाहीत तर तासाभराने पुन्हा पाहावे, किंवा दुसरा दिवस घ्यावा. मोबाईल हातात घेऊन नकाशावरील निळ्या ठिपक्यावरून बांध कोरणारांनी एवढे ध्यानात ठेवावे की, त्या ठिपक्याची चूक मोकळ्या रानातही काही मीटर असते, म्हणजे शंभर मीटरच्या बांधावर काही गुंठे.