ऑस्करची यादी आणि तिकीटखिडकीवरचे आठवडे

लॉस एंजेलिस, एप्रिल २०२५

या शहरात रविवारची सकाळ हिशेबाची असते. शुक्रवार-शनिवारचा जमा गल्ला आणि रविवारचा अंदाज यांची बेरीज करून स्टुडिओ आपापल्या चित्रपटांचे आकडे जाहीर करतात. सोमवारी दुरुस्त आकडे येतात, पण तोवर निकाल लागलेला असतो. क्रिकेटचा स्कोअर विचारावा तसे इथले लोक हे आकडे एकमेकांना विचारतात, आणि त्यांतल्या अनेकांचा चित्रपटधंद्याशी काही संबंध नसतो.

हे आकडे वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. इथे ‘देशांतर्गत’ म्हणजे अमेरिका आणि कॅनडा मिळून. आणि जाहीर होतो तो तिकिटांचा एकूण गल्ला. त्यातला साधारण निम्मा चित्रपटगृहाच्या मालकाकडे राहतो. म्हणून एखाद्या चित्रपटाने खर्चाइतका गल्ला जमवला, तर तो सुटला नाही, बुडाला असं धंद्यातली माणसं समजतात. जाहिरातीचा खर्च तर त्याहून वेगळा.

२०२५ चा ऑस्कर सोहळा २ मार्चला डॉल्बी थिएटरमध्ये झाला. जानेवारीत या शहराला वणव्यांनी वेढलं होतं, त्यामुळे नामांकनांची घोषणा दोनदा पुढे ढकलून अखेर २३ जानेवारीला झाली. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान शॉन बेकर यांच्या ‘अनोरा’ला मिळाला. एकूण पाच ऑस्कर, त्यांतले चार एकट्या बेकर यांच्या हाती. चित्रपटाचा निर्मितीखर्च सुमारे ६० लाख डॉलर आणि देशांतर्गत गल्ला दोन कोटींच्या आसपास. त्याच दहा चित्रपटांच्या यादीत ४७ कोटींचा ‘विकेड’ होता, २८ कोटींचा ‘ड्यून’चा दुसरा भाग होता आणि दीड कोटीच्या थोडा वर गेलेला ‘द ब्रुटलिस्ट’ही होता. दरवर्षी अशी तफावत दिसली की इथे तोच सूर लागतो: ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीची माणसं लोकांपासून तुटली आहेत, लोक जे पाहतात ते त्यांना आवडत नाही, म्हणून तर सोहळ्याचा टीव्हीवरचा प्रेक्षक घटला. प्रेक्षक घटला हे खरंच आहे. १९९८ मध्ये ‘टायटॅनिक’ला अकरा ऑस्कर मिळाले, तो सोहळा अमेरिकेत साडेपाच कोटींहून अधिक लोकांनी पाहिला होता. २०२१ मध्ये हा आकडा एक कोटीच्या जवळ आला आणि २०२५ मध्ये दोन कोटींच्या जरा आत राहिला. पण त्याचं खापर अकॅडमीच्या अभिरुचीवर फोडणं मला पटत नाही, आणि जुने आकडे पाहिले की ते अजिबातच पटत नाही.

१९७९ चा ‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ घ्या. नवराबायको विभक्त होतात, लहान मुलगा कोणाकडे राहणार याचा कोर्टात झगडा होतो, एवढीच गोष्ट. मारामारी नाही, अंतराळ नाही, पुढचा भाग नाही. त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर मिळाले आणि त्या वर्षी प्रदर्शित झालेल्या चित्रपटांमध्ये अमेरिकेत सर्वाधिक गल्लाही त्याचाच होता, साडेदहा कोटी डॉलरच्या वर. तेव्हा तिकिटाची सरासरी किंमत अडीच डॉलर होती, म्हणजे तिकिटं विकली गेली चार कोटींच्या वर. २०२४ मध्ये सरासरी तिकीट अकरा डॉलरच्या आसपास होतं. त्या हिशेबाने ‘अनोरा’ची तिकिटं भरतात अठरा लाखांच्या घरात. पुढे १९८३ मध्ये ‘टर्म्स ऑफ एंडिअरमेंट’ ही मायलेकीची गोष्ट ‘रिटर्न ऑफ द जेडाय’च्या पाठोपाठ वर्षात दुसरी आली. १९८८ चा ‘रेन मॅन’, स्वमग्न भाऊ आणि त्याला घेऊन देशभर गाडी हाकणारा धाकटा, पुन्हा वर्षात पहिला. या तिघांनाही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. अकॅडमीला तेव्हाही माणसांच्याच गोष्टी आवडत होत्या, आजही आवडतात. बदलली ती स्टुडिओंची तिजोरी. घरातल्या माणसांची गोष्ट सांगणारा, मधल्या खर्चाचा, नावाजलेले नट असलेला चित्रपट मोठे स्टुडिओ तेव्हा सर्रास काढायचे आणि देशभर लावायचे. आता तो चित्रपट क्वचितच निघतो, आणि निघाला तरी छोट्या वितरकाकडे जातो.

हे एका रात्रीत झालं नाही, पण वळण कुठे आलं ते दाखवता येतं. मधल्या चित्रपटाचा तोटा पूर्वी डीव्हीडीच्या विक्रीतून भरून निघायचा. २००८ च्या सुमारास ती विक्री घसरायला लागली आणि परदेशातल्या मोठ्या बाजारपेठेसाठी मालिकांचे अवाढव्य चित्रपट परवडू लागले. त्याच वर्षी वॉर्नरने आपल्या दोन छोट्या शाखा, वॉर्नर इंडिपेंडंट आणि पिक्चरहाऊस, बंद केल्या. २०१० च्या सुरुवातीला डिस्नेने मिरामॅक्सचं कार्यालय गुंडाळलं. ऑस्करच्या यादीतले चित्रपट ज्या शाखांमधून येत होते, त्याच शाखा छाटल्या गेल्या.

त्या छाटणीत एक चित्रपट जाता जाता वाचला, आणि तो आपल्या मुंबईचा होता. ‘स्लमडॉग मिलियनेअर’ हा वॉर्नर इंडिपेंडंटकडचा चित्रपट. शाखा बंद झाली तेव्हा तो अमेरिकेत थेट डीव्हीडीवर जाण्याची पाळी आली होती. फॉक्स सर्चलाईटने तो घेतला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये मोजक्या चित्रपटगृहांत लावला. त्यांनी घाई केली नाही. एका शहरातली तोंडी प्रसिद्धी दुसऱ्या शहरात पोचू दिली, हळूहळू पडदे वाढवत नेले. २२ जानेवारीला दहा नामांकनं मिळाल्यावर आणखी वाढवले आणि फेब्रुवारीत आठ ऑस्कर मिळाल्यावर आणखी. एकूण देशांतर्गत गल्ला १४ कोटी डॉलर, आणि त्यातला निम्म्याहून बराच अधिक नामांकनांनंतरचा. चित्रपटाचा खर्च दीड कोटी होता. धारावीवर, गरिबीच्या चित्रणावर तेव्हा आपल्याकडे जे वाद झाले त्यांत मी शिरत नाही. वितरकाची हातोटी म्हणून मात्र ही गोष्ट मला आजही अभ्यासण्यासारखी वाटते. पूर्ण साडेचार महिने हा चित्रपट पाहायचा तर तिकीट काढण्यावाचून मार्ग नव्हता. डीव्हीडी आली ती मार्चच्या अगदी शेवटी.

त्याच सोहळ्यात ‘द डार्क नाइट’ची चर्चा झाली ती तो यादीत नाही म्हणून. ५३ कोटींचा गल्ला, टीकाकारांची वाहवा, आठ नामांकनं. पण सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या पाचांत नाव नाही. ओरड इतकी झाली की जून २००९ मध्ये अकॅडमीने पाचाच्या जागी दहा नामांकनं करण्याचं ठरवलं. हेतू उघड होता: लोकांनी पाहिलेले चित्रपट यादीत यावेत. ते आलेही. २०१० च्या यादीत ‘अवतार’ होता, अमेरिकेत ७५ कोटी डॉलरचा. आणि जिंकला कोण, तर ‘द हर्ट लॉकर’, ज्याचा एकूण गल्ला शेवटपर्यंत १ कोटी ७० लाखांवर थांबला.

या एका निकालावरून ‘अकॅडमीला लोकप्रियतेचं वावडं’ हे मत घट्ट झालं. पण हा चित्रपट कधी लागला होता ते कोणी फारसं सांगत नाही. तो जून २००९ च्या अखेरीस, उन्हाळ्याच्या गर्दीत लागला होता. नामांकनं जाहीर झाली तेव्हा त्याची डीव्हीडी बाजारात येऊन काही आठवडे झाले होते. ज्याला पाहायचा होता त्याने तो घरी पाहिला. ‘स्लमडॉग’च्या तुलनेत तो नावडता होता असं या आकड्यांवरून म्हणता येत नाही. ऑस्करची हवा सुटली तेव्हा त्याला तिकीटखिडकीच उरली नव्हती, एवढंच म्हणता येतं.

आपल्याकडे एके काळी चित्रपटाचं यश आठवड्यांत मोजायचे. रौप्यमहोत्सव झाला की नाही, हा प्रश्न असायचा. गल्ला किती झाला हे निर्मात्याला ठाऊक. ते माप मला अजूनही अधिक खरं वाटतं. पहिल्या शुक्रवार ते रविवारचा गल्ला म्हणजे जाहिरातीची कमाई. चौथ्या, सहाव्या, दहाव्या आठवड्यात जे लोक येतात ते शेजाऱ्याने सांगितलं म्हणून येतात. ‘टायटॅनिक’चा पहिला आठवडा बरा होता, अचाट नव्हता, पण तो सलग पंधरा आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला आणि अमेरिकेत ६० कोटींवर गेला.

करोनाच्या साथीच्या काळात हे आठवडे कायद्याने नव्हे, कराराने कापले गेले. पूर्वी चित्रपटगृहात लागलेला चित्रपट घरी यायला अडीच-तीन महिने जात. जुलै २०२० मध्ये युनिव्हर्सल स्टुडिओ आणि एएमसी ही चित्रपटगृहांची सर्वांत मोठी साखळी यांच्यात करार झाला: सतरा दिवसांनंतर, म्हणजे तीन शनिवार-रविवार संपले की, चित्रपट घरबसल्या भाड्याने देता येईल. बाकीच्यांनी आपापली मुदत ठरवली, पण सगळ्यांची घटलीच. ‘कॉन्क्लेव्ह’ २५ ऑक्टोबर २०२४ ला लागला आणि नोव्हेंबर संपायच्या आत घरी आला. ‘विकेड’सारखा तुफान चाललेला चित्रपटही चाळिसाव्या दिवसाच्या आत भाड्याने मिळू लागला.

आणि काही चित्रपटांचा तर गल्लाच कळत नाही. नेटफ्लिक्सने ‘रोमा’ थोड्या पडद्यांवर दाखवला, आकडे दिले नाहीत. २०२२ चा विजेता ‘कोडा’ ॲपलने आपल्या सेवेवर आणि काही चित्रपटगृहांत एकाच दिवशी आणला. त्याचेही आकडे जाहीर झाले नाहीत. ऑस्करप्राप्त चित्रपटांचा वर्षवार तक्ता मांडायला बसलं की अशा ठिकाणी रिकामा चौकोन राहतो. त्या चौकोनाचं मला वाईट वाटतं. ‘कोडा’ हा घरच्या सगळ्यांनी मिळून पाहावा, भरल्या थिएटरात हसावं-रडावं असा चित्रपट आहे, आणि तो प्रसंग अमेरिकेत फारच थोड्यांच्या वाट्याला आला.

याच्या उलट उदाहरणं आहेत. ‘पॅरासाईट’ फेब्रुवारी २०२० मध्ये जिंकला तेव्हा तो घरी पाहायची सोय झालेली होती. तरी निऑन या छोट्या वितरकाने पडदे दोन हजारांवर नेले आणि लोक आले. कोरियन भाषेतला चित्रपट, खाली इंग्रजी अक्षरं, आणि अमेरिकेत पाच कोटींच्या वर गल्ला. पण ती साथीच्या आधीची गोष्ट. २०२५ मध्ये त्याच निऑनने ‘अनोरा’च्या विजयानंतर तसाच प्रयत्न केला, तर त्या शनिवार-रविवारी हाती आले २० लाखांच्या जवळपास.

मोठं उदाहरण ‘ओपनहायमर’चं. तीन तास, काही भाग कृष्णधवल, शास्त्रज्ञांची चौकशी चाललेली. आणि अमेरिकेत ३३ कोटी, जगभरात ९५ कोटींच्या वर. तो २१ जुलै २०२३ ला ‘बार्बी’बरोबर एकाच दिवशी लागला, त्या योगायोगाचा गाजावाजा झालाच. पण ख्रिस्तोफर नोलन यांनी स्टुडिओकडून आधीच दीर्घ मुदत मागून घेतली होती. तो घरी आला २१ नोव्हेंबरला, बरोबर चार महिन्यांनी. नोलन यांचं नाव मोठं, म्हणून त्यांना मागता आलं. छोट्या चित्रपटाला ही मुदत जास्त गरजेची, आणि मागायची ताकद त्याच्याकडेच नाही.

छोट्या चित्रपटाचा प्रचारही काही छोटा नसतो, हे मराठी वाचकांना सांगायला नको. २००४ मध्ये ‘श्वास’ भारतातर्फे ऑस्करला पाठवला गेला, तेव्हा इथल्या प्रचाराच्या खर्चासाठी महाराष्ट्रात लोकवर्गणी जमवावी लागली होती. मतदारांसाठी खेळ लावायचे, व्यवसायाच्या नियतकालिकांत जाहिराती द्यायच्या, कलाकारांना इथे आणून ठेवायचं. हा पैसा पूर्वी नामांकनानंतरच्या गल्ल्यातून परत यायची आशा असायची. ‘अनोरा’च्या प्रचारावर आणि जाहिरातींवर निर्मितीच्या तिप्पट खर्च झाल्याच्या बातम्या इथे आल्या.

बेकर यांनी दिग्दर्शनाचा पुरस्कार घेताना थिएटरांसाठीच आवाज उठवला. साथीच्या काळात अमेरिकेतले जवळजवळ हजार पडदे गेले, असं त्यांनी सांगितलं, आणि चित्रपट मोठ्या पडद्यासाठी काढा, मुलांना थिएटरात घेऊन जा, अशी विनंती केली. सनसेट बुलेव्हार्डवरचं सिनेरामा डोम हे चित्रपटगृह २०२० मध्ये बंद झालं, हे या शहरात कोणाला आठवण करून द्यावं लागत नाही.

अकॅडमीने स्वतः एक पाऊल टाकलं आहे. सर्वोत्कृष्ट चित्रपटाच्या शर्यतीत यायचं तर ठरलेल्या सहा महानगरांपैकी एकात आठवडाभर चित्रपट लागला की पूर्वी पुरत असे. २०२४ च्या चित्रपटांपासून त्याला पुरवणी जोडली: ४५ दिवसांच्या आत देशातल्या पहिल्या पन्नास बाजारपेठांपैकी दहांमध्ये आणखी सात दिवस. आणि एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला लास व्हेगासच्या सिनेमाकॉन संमेलनात चित्रपटगृहमालकांच्या संघटनेने सगळ्या स्टुडिओंकडे किमान ४५ दिवसांची मुदत मागितली.

मागणी योग्य आहे, मोठ्या चित्रपटांना तिने खरोखर आधार मिळेल. पण ऑस्करच्या यादीतल्या छोट्या चित्रपटाला ती अपुरी आहे, आणि हे ‘अनोरा’च्याच तारखा सांगतात. तो १८ ऑक्टोबर २०२४ ला सहा पडद्यांवर लागला, तिथे दर पडद्यामागे वर्षातल्या उत्तम गल्ल्यांपैकी एक त्याने जमवला. १७ डिसेंबरला, साठाव्या दिवशी, तो घरी आला. म्हणजे संघटनेने मागितलेल्या मुदतीपेक्षा पंधरा दिवस तो जास्तच थांबला होता. नामांकनं आली सत्त्याण्णवाव्या दिवशी. ‘स्लमडॉग’ची आली होती एकाहत्तराव्या दिवशी, आणि तेव्हा देशभरातल्या लोकांना तो पाहायचा तर थिएटरातच जायचं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागणाऱ्या चित्रपटाला नामांकनांच्या दिवसापर्यंत पडद्यावर राखून ठेवण्याची तयारी वितरक दाखवणार नसतील, तर अकॅडमीनेच तशी अट घालावी, असं माझं स्पष्ट मत आहे. नियम करण्याचा अधिकार तिच्याकडे आहे, आणि तिच्या पुरस्कारासाठी स्टुडिओ काय काय करायला तयार असतात हे या शहराने पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.