गॅरेजमधील संगणक-मंडळ

संगणक म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मोठमोठ्या कंपन्या उभ्या राहतात. परंतु संगणक घरोघरी पोहोचला यात एका साध्या हौशी मंडळाचाही मोठा वाटा आहे. ते म्हणजे अमेरिकेतील ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’. होमब्रू म्हणजे घरच्या घरी तयार केलेले.

त्या काळी संगणक म्हणजे विद्यापीठे, बँका आणि सरकार यांच्या मालकीचे अवाढव्य यंत्र. जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाने ‘अल्टेअर ८८००’ हा लहान संगणक मुखपृष्ठावर छापला. सुमारे ४०० डॉलरला त्याचे सुटे भाग मिळत. जोडणी ज्याची त्याने करावयाची. त्याला ना पडदा, ना कळफलक. खटके वरखाली करून आज्ञा द्यावयाची आणि दिव्यांवरून उत्तर ओळखावयाचे. स्मृती अवघी २५६ बाइट. म्हणजे हा परिच्छेदसुद्धा तिच्यात मावला नसता.

असे यंत्र एकट्याने चालविणे कठीण. अडले तर विचारावे कोणाला? या अडचणीतूनच मंडळ जन्मास आले. युद्धविरोधी कार्यकर्ते फ्रेड मूर आणि अभियंते गॉर्डन फ्रेंच यांनी पत्रके लावून हौशी लोकांना बोलावले. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये तीसेक जण जमले.

पुढे सभा स्टॅनफोर्ड येथील एका संशोधन केंद्राच्या सभागृहात भरू लागल्या. ली फेल्सेनस्टाइन त्या चालवीत. प्रथम प्रत्येकाने उभे राहून आपल्याजवळ काय आहे व आपल्याला काय हवे आहे ते सांगावयाचे. नंतर ज्याला त्याला गाठून बोलावयाचे. पहिल्या सभेपासून येणाऱ्या स्टीव्ह वॉझ्नियॅकने आपल्या संगणकाचे आराखडे सभासदांना फुकट वाटले. तोच संगणक १९७६ मध्ये ‘ॲपल-१’ या नावाने विक्रीस आला.

मात्र या देवाणघेवाणीतून वादही उद्भवला. बिल गेट्स व पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी ‘बेसिक’ भाषेची आज्ञावली तयार केली होती. तिच्या कागदी फितीच्या प्रती काढून सभासदांनी आपसांत वाटल्या. फेब्रुवारी १९७६ मध्ये वीस वर्षांच्या गेट्सने खुले पत्र लिहून याला चोरी म्हटले. मोबदलाच मिळाला नाही तर चांगले काम करील कोण, असा त्याचा सवाल होता.

मला हा सवाल रास्त वाटतो. वॉझ्नियॅकने वाटले ते स्वतःचे होते. फितीत श्रम दुसऱ्याचे होते. परंतु एवढ्यावरून मंडळाचे मोल कमी होत नाही. ज्याच्या घरात पूर्वी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्याला ‘विचारावे कोणाला’ या प्रश्नाचे वजन कळते. ते मीही अनुभवतो आहे.

डिसेंबर १९८६ मध्ये क्लबची अखेरची सभा झाली. त्यांची रीत मात्र आपल्याला सहज उचलता येईल. महिन्यातून एकदा एखाद्या रिकाम्या वर्गात जमावे. मला काय येते आणि काय अडले आहे, एवढेच प्रत्येकाने उभे राहून सांगावे. त्याला गॅरेजही लागणार नाही.